नऊ हजारांच्या वर

३ जून

उस्ताद,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरवर बसते. तुमचा पत्ता आमच्या होलसेलवाल्यांनी दिला. म्हणाले, फोन करू नका, ऐकू येत नाही त्यांना. पत्र लिहा. वाचायला चष्मा लागतो, पण डोकं अजून जसंच्या तसं आहे.

एक गाडी आहे. स्पोर्ट बाइक, चार सिलिंडर, जुन्या पद्धतीची, कार्बोरेटरवाली. खालून सुरेख उचलते. गिऱ्हाइकाच्याच शब्दांत सांगते: “साडेआठ-नऊ हजारांपर्यंत मस्त पळते, त्यावर दम जातो.” तीन मेकॅनिकांनी हात टेकले. एकानं तर सांगितलं, विकून टाका.

तुमच्याबद्दल ऐकलंय की तुम्ही गाडी न बघता दोष सांगता. खरं का?

तुमची,
काउंटरवाली

---

९ जून

पोरी,

पत्र मिळालं. चार वर्षांत मला आलेलं हे पहिलं पत्र, डोळ्यांच्या दवाखान्याचं सोडलं तर. मुलीनं आणून हातात दिलं आणि लगेच विचारलं, कोणाचं? म्हटलं, माझ्या प्रेयसीचं. जावईबापू हसले असावेत, तोंड तरी उघडलेलं दिसलं.

न बघता दोष सांगतो हे खरं नाही. न ऐकता सांगतो, हे खरं. गॅरेजातली शेवटची आठ वर्षं मला काही ऐकू येत नव्हतं आणि गिऱ्हाइकांना पत्ता नव्हता. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ दातांत धरायची. सगळं कळतं. आता तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत बसतो आणि खालून जाणाऱ्या गाड्यांचे धूर बघतो. त्यावरही पुष्कळ कळतं, पण विचारतो कोण?

आता ऐक. “दम जातो” म्हणजे काय, हे त्या शहाण्याला नीट विचार. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चढतो आणि वेग वाढत नाही? तर क्लच घसरतोय. की काटाच नऊ हजारांवर अडतो? तर इंजिनाला काहीतरी कमी पडतंय. हवा, पेट्रोल किंवा ठिणगी. चौथं काही नसतं. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धर. चारही प्लग काढ, रंग लिहून पाठव. आणि हे कधी होतं ते विचार. लगेच, की बऱ्याच वेळानं? अर्धा आजार “कधी” या एका शब्दात असतो.

पाकिटावरच्या पिवळ्या ठिपक्याला दचकू नकोस. मी स्वतः तपासलेल्या प्रत्येक बोल्टवर तो द्यायचो. ठिपका असला की उस्तादनं बघितलंय, आता वाद नाही. डबीत रंग उरलाय, बोल्ट उरले नाहीत, म्हणून पाकिटांना देतो.

बहिरा उस्ताद

---

१५ जून

उस्ताद,

काटाच अडतो. क्लच ठीक. फिल्टर नवा घातला, फरक नाही. प्लगचा रंग फिकट, जवळजवळ पांढरा.

“कधी” विचारलंत, तर गिऱ्हाइकाचं म्हणणं असं: “पहिली दहा मिनिटं होत नाही. लांब सरळ रस्त्यावर होतं. थांबलो की पाच मिनिटांत परत ठीक.”

तुमचं पत्र आईला फार आवडलं असं मला वाटलं होतं. तिची नजर गेलीय, त्यामुळे घरी आलेलं प्रत्येक पत्र मी तिला वाचून दाखवते. आमचा नेमच आहे. पाकीट तिच्या हातात द्यायचं, तिनं चाचपून कडेनं कातरायचं, मग मी मोठ्यानं वाचायचं, आधी स्वतःशी वाचायचं नाही. प्रेयसीवर ती हसली. मग विचारलं, कोण हा? मी सांगितलं, गॅरेजवाले उस्ताद, पिवळ्या ठिपक्याचे. त्यावर म्हणाली, म्हातारा माणूस आहे, कशाला त्याला त्रास देतेस. तिचं असंच असतं, सगळ्यांची काळजी.

काउंटरवाली

---

२१ जून

पोरी,

शाबास! पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. हवा आणि ठिणगी दोघी सुटल्या. पाच मिनिटं थांबल्यावर परत ठीक, म्हणजे पेट्रोल येतंय, पण उशिरा येतंय.

परवा रात्री जेवता जेवता मी ताटात बोटानं कार्बोरेटर काढला. मुलगी म्हणाली असेल, बाबा, जेवा. मी म्हटलं, थांब, पेशंट तपासतोय. किती दिवसांनी भूक लागली म्हणून सांगू? आईला माझा नमस्कार सांग. म्हणावं, त्रास कसला, तुझी पोरगी म्हाताऱ्याला जिवंत करतेय.

आता टाकीकडे ये. तिच्या तळाशी पेट्रोलचा कॉक असतो, त्याची जाळी बघ. आणि एक गोष्ट बारकाईनं कर. गाडी नऊ हजारांवर अडली की तिथेच बंद करायची, उतरायचं, टाकीचं झाकण उघडायचं. उघडताना काय होतं ते मला जसंच्या तसं लिही. मला ऐकू येत नाही, तू माझा कान हो.

उस्ताद

---

२७ जून

उस्ताद,

जाळी स्वच्छ आहे. झाकणाचं गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहिते: “झाकण उघडलं की सुस्स असा आवाज येतो, टाकीनं श्वास घेतल्यासारखा.”

आता सांगा. सगळं दिलंय.

आईनं तुमचा नमस्कार ऐकला आणि पत्र मिटून ठेवायला सांगितलं. हल्ली जेवणही कमी झालंय तिचं. मला विचारत होती, ही गाडी कोणाची? म्हटलं, एका गिऱ्हाइकाची. जिवंत आहे का तो? असं विचारलं. वय झालं की माणसं काहीही विचारतात.

काउंटरवाली

---

१६ जुलै

पोरी,

उत्तराला उशीर झाला. बरं नव्हतं.

तो मेकॅनिक म्हणाला ते खरं. गाडी जुनी आहे. विकून टाका. अशा गाडीच्या मागे लागू नये.

आणि ही पत्रं आईसमोर वाचत जाऊ नकोस. प्लग आणि जाळ्या ऐकून कंटाळत असेल ती.

उस्ताद

---

२० जुलै

उस्ताद,

तुम्हाला आलं नाही, असं समजू का?

होलसेलवाल्यांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, उस्ताद टपालानं दोष काढताहेत. आता काय सांगू? म्हातारा सुस्सपर्यंत आला आणि धापा टाकत बसला? की खरंच बहिऱ्याला इंजिन कळत नाही?

तुमचं शेवटचं पत्र आईला आवडलं. म्हणाली, बरोबर लिहिलंय, सोडून दे. तुम्ही दोघं म्हातारे फार लवकर सोडून देता.

काउंटरवाली

---

२८ जुलै

पोरी,

“बहिऱ्याला इंजिन कळत नाही” हे वाक्य मी या आधी एकदाच ऐकलंय. ओठांवरून ऐकलं होतं.

घे तर. टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी एक पातळ नळी असते, टाकी धरणाऱ्या मागच्या लोखंडी कंसाजवळून खाली उतरते. टाकी बसवताना ती कंसाखाली दबली की हवेचा रस्ता बंद. हळू चालवलं तर थोडकं पेट्रोल लागतं, भागून जातं. मूठ पूर्ण पिळून बराच वेळ पळवली की टाकी पेट्रोल धरून ठेवते, सोडत नाही. इंजिन उपाशी. नेमका जोर हवा तेव्हा नाही. झाकण उघडलं की अडलेली हवा सुस्स करून आत जाते आणि गाडी परत शहाणी.

मागचे दोन बोल्ट काढायचे, टाकी वीतभर उचलायची, नळी सरळ करायची. दहा मिनिटांचं काम. खर्च काही नाही.

झालं समाधान?

उस्ताद

---

२ ऑगस्ट

उस्ताद,

झालं.

दहा मिनिटांचं काम, हे तुमच्या हातानं लिहून हवं होतं मला. आता गिऱ्हाइकाबद्दल सांगते. तो माझा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी त्यानं हीच गाडी तुमच्याकडे चार दिवस ठेवली होती. तुमच्या गॅरेजच्या जॉबकार्डावर त्यानं स्वतःच्या हातानं तक्रार लिहिली होती. तिन्ही पत्रांत मी तुम्हाला जे अवतरणात लिहून पाठवलं ते त्या कार्डावरचं आहे, एक अक्षर बदललेलं नाही. सुस्ससुद्धा त्याचंच.

खाली तुमचा शेरा आहे: गाडीत दोष नाही. शेजारी पिवळा ठिपका.

गाडी आणायला मीही गेले होते. त्यानं विचारलं, मग दम का जातो? तुम्ही पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर त्याचं मनगट धरून वर केलंत आणि म्हणालात, “गाडीत काही नाही. मनगटात दम नाही. नऊ हजारांच्या वर हा पोरगा घाबरतो.” सगळे हसले. मीही हसले, उस्ताद.

त्यानंतर सहाव्या दिवशी सरळ रस्त्यावर तो एका लांब टँकरला ओलांडत होता. मागच्या दूधगाडीवाल्यानं सांगितलं, पोरगा जवळजवळ पुढे गेला होता, मग अर्ध्यातच गाडी टँकरच्या बरोबरीनं राहिली. पुढेही जाईना, मागेही येईना. समोरून बस आली. लोक म्हणाले, वेग भोवला. वेग नव्हताच हो. वेग हवा होता तेव्हा तो नव्हता. मनगट मात्र शेवटपर्यंत पिळलेलं होतं. गाडीची मूठ मोडली तीसुद्धा पूर्ण पिळलेल्या जागीच.

तो सांगाडा आमच्या मागच्या खोलीत आहे. गेल्या वर्षी दुकानात एक गिऱ्हाईक हीच नळी घ्यायला आलं आणि मी घरी येऊन टाकी उचलली. नळी दबलेली होती. आणि मागच्या दोन्ही बोल्टांवर पिवळे ठिपके. म्हणजे टाकी तुम्ही उचलली होती. बघितलं होतं. त्यानं तुम्हाला चारचौघांत बहिरा म्हटलं म्हणून तशीच ठेवलीत ना?

मला माफी नको. तुमच्या हातचं “होय” हवंय. ते मी आईला वाचून दाखवणार आहे. अकरा वर्षं तिला वाटतंय की तिचा मुलगा वेगापायी गेला.

त्याची बहीण

---

१९ ऑगस्ट

पोरी,

हे पत्र आईसमोर वाचू नकोस. हात जोडून सांगतो. आधी एकटी वाच.

“होय” देतो. नळी पहिल्याच दिवशी सापडली. मी ती सरळही केली होती. गाडी धुऊन उभी होती.

बुधवारी दुपारी एक बाई आली. बारीक अंगाची, हातात छत्री, छत्रीच्या मोडक्या मुठीला निळी वायर गुंडाळलेली. मला ऐकू येत नाही हे तिला दोन मिनिटांत कळलं, मग तिनं माझ्याच पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. मुलाला गाडीचं वेड लागलंय, तिनं लिहिलं. रोज घरी येईपर्यंत दारात उभी असते. तुम्ही ती नीट करू नका. आहे तशी हळूच राहू द्या. हळू गाडीवरून कोणी मरत नाही. त्याला सांगू नका.

मी नाही म्हटलं. तिनं माझ्या तेलकट हातांवर कपाळ टेकलं.

ती गेल्यावर मी टाकी परत उचलली आणि नळी होती तशी कंसाखाली दाबून बसवली. बोल्ट आवळले, ठिपके दिले. खोटं कशाला बोलू, तिचं ऐकणं मला जड गेलं नाही. तुझ्या भावानं आदल्या दिवशीच मला बहिरा म्हटलं होतं. मनातल्या मनात म्हटलं, बस आता नऊ हजारांच्या खाली.

मनगटाचं वाक्य माझं. ते तिनं सांगितलं नव्हतं. त्याला गप्प करायला काहीतरी हवं होतं आणि माणसं समोर होती. ते एक वाक्य मी गिळलं असतं तर त्यानं त्या दिवशी मूठ एवढी पिळली नसती. रोज बाल्कनीत बसून मी दुसरं काही करत नाही, पोरी.

तो गेल्याचं कळलं तेव्हा मी गॅरेज दोन दिवस बंद ठेवलं. मग उघडलं. तुझ्या आईकडे गेलो नाही. लोक वेग म्हणत होते, तीही वेगच मानत असेल, मानू दे म्हटलं. वेगाला दोष दिला की माणूस जगू शकतं. तुझं सुस्सवालं पत्र आलं तेव्हाच गाडी ओळखली. आणि तू लिहिलंस की पत्रं आईसमोर फोडतेस. तरी तू थांबेनास.

जे करायचं ते मला कर. तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

उस्ताद

---

४ सप्टेंबर

उस्ताद,

तुमची पहिली ओळ वाचून मला हसू आलं. वाटलं, शेवटी घाबरलात. म्हणून ती ओळसुद्धा मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हटलं, बघ, आता कसा पाया पडतोय. आणि पुढे वाचत गेले.

छत्रीपाशी माझं लक्ष दाराकडे गेलं. आमच्या दारामागे ती छत्री अजून टांगलेली आहे. मी थांबले. आई म्हणाली, पुढे वाच. मी म्हटलं, बाकी काही नाही, नमस्कार लिहिलाय. ती म्हणाली, पान उलटल्याचा आवाज आला नाही. पुढे वाच.

मी सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही. गाळला असता तर तिला कळलं असतं, असं मला वाटलं. खरं तर मला थांबता येत नव्हतं.

ती रडली नाही. तिनं विचारलं, दहा मिनिटांचंच काम होतं का? मी हो म्हटलं. मग विचारलं, सुस्स म्हणजे नक्की कसा आवाज?

त्या दिवसापासून रोज चारला चहा झाला की ती सगळी पत्रं काढून मांडीवर घेते आणि मला वाचायला लावते. पहिल्यापासून. “हळू गाडीवरून कोणी मरत नाही” इथे आलं की हात वर करते, मग मी ते परत वाचते. जेवण सुटलंय. काल मागच्या खोलीत चाचपडत गेली आणि टाकीचं झाकण उघडमिट करत बसली होती. अकरा वर्षांची कोरडी टाकी. त्यातून काय आवाज येणार?

उस्ताद, तुम्हाला मी काय काय लिहिलं ते मला माहीत आहे. तरी मागते. एक पत्र लिहा. लिहा की तुम्ही खोटं लिहिलं होतं. नळी दबलेली नव्हती, तिच्या सांगण्यानं काही झालं नाही, असं काहीही लिहा. मी स्वतः लिहून वाचलं असतं, पण पाकीट ती कातरते. ठिपक्याचा रंग जाड असतो, तो बोटाला लागतो. तिला तुमचा ठिपका हवा.

तुम्हाला गाडीचं कळतं. तिला पटेल असं लिहा.

त्याची बहीण

---

१२ सप्टेंबर

बाई,

नमस्कार. हे तुमची मुलगी वाचून दाखवेल.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मुलीनं मला कोंडीत पकडलं म्हणून अंगावरचं तुमच्यावर ढकललं. तुम्ही आलात, लिहिलंत, हे खरं. पण मी तुमचं ऐकलं नाही. मेकॅनिक बायकांचं ऐकून गाडी बिघडवत नसतो. तुम्ही गेल्यावर मी टाकी पुन्हा उचलून बघितली, नळी सरळ होती, तशीच राहू दिली, ठिपके दिले. आज ती दबलेली दिसते, कारण धडकेत टाकी मागे सरकली आणि कंस तिच्यावर बसला. अशा गाड्या मी पुष्कळ उघडल्यात.

गाडी माझ्याकडून गेली तेव्हा पूर्ण ठीक होती. नऊ हजारांच्या वरही जात होती. तुमच्या मुलाला मी त्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं, तुमची मुलगी तिथे होती, तिला विचारा. ती ऐकून हसलीसुद्धा होती.

गाडीत काही नव्हतं. मनगटात दम नव्हता. ऐन वेळी तो घाबरला आणि त्यानं मूठ सोडली.

पाकिटावर ठिपका आहे. बोटानं बघून घ्या.

उस्ताद